फ्लोरिडातली हरवलेली सून

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला, मनामात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत राहायचो. शेजारीण अमेरिकन. दोघींचे नवरे अस्करला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात. तिची आई सेमिनोल, म्हणजे फ्लोरिडाच्या दलदलीतल्या मूळ रहिवाशांपैकी. ती तिकडे अंथरुणाला खिळलेली, आणि डोळे मिटण्याआधी तिला एकच हवं होतं: आपली आजी एकदा कुठेतरी कागदावर दिसावी. म्हणून भावाने शेजारणीला सेमिनोल वस्त्या पाहायला गेलेल्या एका जुन्या सरकारी मोहिमेच्या अहवालाच्या झेरॉक्स पाठवल्या.

कप्पाळ माझं! लिहिणाऱ्या साहेबाने पुरुषांची नावं, बंदुका, कुत्री, सगळं टिपलेलं. बायका मात्र 'अमक्याची बायको' नाहीतर 'एक म्हातारी'. असा संताप आला म्हणून सांगू! मग आजीच्या नवऱ्याच्या नावावरून शोध सुरू केला. त्याच्या वडिलांची वस्ती सापडली, पण तिथे मुलगाही नाही आणि सूनही नाही. शेजारीण रडवेली झाली. मी म्हटलं, रडतेस काय, पहिलटकरीण असेल, बाळंतपणाला माहेरी गेली असेल. नवरा दुसऱ्या कुठल्या वस्तीत दिसतो का बघ, बायकोला आणायला गेलाच असेल. यल्ला, चल, काढ पानं!

आणि सापडला की! एका म्हातारीच्या वस्तीत: तिच्या तीन मुली आणि हा जावई. शेजारणीने लगेच आईला फोन लावला. रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधोमध. बायकोला न्यायला आला होता का, असं मी विचारायला लावलं. आई म्हणाली, न्यायला कशाला, तो तिथेच राहायचा. आमच्यात लग्न झालं की नवरा सासूकडे जातो.

घरजावई! अख्खी जमातच घरजावयांची! हसून हसून मी सोफ्यावरून खाली आले. तेवढ्यात आमचे हे शिफ्टवरून आले. त्यांना दारातच विचारलं, अहो, चिपळूणला माझ्या आईकडे राहायला येता का? बिचारे हातात बूट घेऊन उभेच राहिले.

शेजारणीने आईला पुढची ओळ वाचून दाखवली. जावयाची बायको मका कांडत होती. नाव विचारलं तर साहेबाकडे बघून नुसती हसत सुटली, शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आम्ही दोघींनी रिसीव्हरला कान चिकटवले. आमचा जीव टांगणीला.

"आजीच ती," आई म्हणाली. "त्याला नाव नाही सांगितलं ना? मला सांगितलंय."

आणि खोकला येईपर्यंत हसली.