अक्कांचं गंगावन

बिदरहून औरादला जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या अक्कांच्या वेणीबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं निवडणुकीबद्दलसुद्धा कधी बोललं गेलं नसेल. निवडणूक पाच वर्षांनी एकदा येते. अक्कांची वेणी रोज सकाळी पावणेआठच्या बसला यायची. गुडघ्याच्या खाली चार बोटं उतरलेली, मनगटाएवढी जाड, काळीभोर, टोकाला तांबडे गोंडे. अक्का चढून जागेवर बसल्या तरी मागं वेणीचं चढणं चालूच आहे असं वाटायचं. एकदा ती बसच्या दारात सापडली आणि अख्खी बस माणसांसकट खोळंबली. तेव्हापासून ड्रायव्हर दार लावण्याआधी वळून विचारायचा, "अक्का, वेणी आत आली का?" आणि अक्का मागं न बघता सांगायच्या, "आली. सोड."

अक्का म्हणजे माझ्या कुणी नात्यातल्या नव्हेत. संतपूरच्या पुढं एका वाडीवर आमची मराठी शाळा. तिथं त्या गणित शिकवायच्या आणि मी नवी नवी विज्ञानाला लागले होते. त्या पन्नाशीच्या, मी पंचविशीची. माझे केस मानेपर्यंत कापलेले. आमच्या भागात बाईनं केस कापले की त्याचा एकच अर्थ असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मला सोळा जणांनी विचारलं, "तिरुपतीला जाऊन आलाव काय?" सतराव्या वेळी मी वैतागून 'हो' म्हणाले, तर त्या बाईनं प्रसादाचा लाडू मागितला. तरीसुद्धा मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते. माझ्याबद्दल लोक काहीबाही तर्क करतात याचा मला संताप यायचा आणि बसमध्ये शेजारी बसून मी अक्कांबद्दल तेच करायचे.

कारण ती वेणी सगळी त्यांची नव्हती. तिच्यात गंगावन होतं, म्हणजे आपल्या केसांत गुंफून वेणी लांबवायचा दुसऱ्या केसांचा शेपटा. इतर बायका गंगावन चोरून लावतात, नवऱ्यालासुद्धा कळू देत नाहीत. अक्का ते महिन्यातून एकदा शिकेकाईनं धुवायच्या आणि बिदरच्या घरी परसात, साड्या आणि परकरांच्या मधोमध, दोन्ही टोकांना चिमटे लावून दोरीवर वाळत घालायच्या. त्या दिवशी डोक्याला पंचा गुंडाळलेला असायचा, त्यामुळे पंच्याखाली काय आहे, किंवा काय नाही, याबद्दल गल्लीला मोकळं रान मिळायचं. कुणी म्हणे टायफॉइडमध्ये केस गेले, कुणी म्हणे सवतीनं काहीतरी खाऊ घातलं. घरमालकिणीचं ठाम मत होतं की अक्कांचा देवीला नवस आहे. बसमधला एक म्हातारा त्यांना नाटक कंपनीतल्या समजायचा आणि 'आता खेळ कुठं हाय?' म्हणून विचारायचा. माझं मत जरा सुधारलेलं होतं. मला वाटायचं, बाईला टक्कल आहे आणि त्याहून जास्त हौस आहे.

खरं कारण विचारलं तर अक्का माणूस बघून उत्तर द्यायच्या. नाटकवाल्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "उद्या निर्ण्याला हाय खेळ, या." तो बिचारा खरोखर जाऊन आला आणि पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मास्तरकी करायची म्हणजे पाठीमागं बी लक्ष लागतंय. मी फळ्याकडं तोंड केलं की वेणी पोरांवर नजर ठेवती." हे पूर्ण खोटंही नव्हतं. फळ्यावर लिहिताना त्यांची वेणी डावी-उजवीकडं हलायची आणि चाळीस पोरं गप्प बसून ते बघायची. अपूर्णांक तर त्यांनी वेणीवरच शिकवले. तीन पेड मोकळे करून एकेक पोरांच्या हातात द्यायच्या: हा एक छेद तीन, हे दोन छेद तीन, आणि हे सगळे मिळून पूर्ण एक. आमच्या वाडीतल्या एकाही पोराचे अपूर्णांक आयुष्यात चुकले नाहीत, हे मी शपथेवर सांगू शकते.

एकदा तपासणीला साहेब आले. गोंडे लावलेली वेणी बघून त्यांनी गृहीतच धरलं की ह्या संगीताच्या बाई. म्हणाले, "बाई, मुलांकडून एखादं छानसं स्वागतगीत होऊ द्या." मी घाईनं सांगायला जाणार, तर अक्कांनी मला डोळ्यानं दटावलं आणि पोरांना खूण केली. पोरांनी भजनाच्या चालीवर, टाळ्यांचा ठेका धरून, एकोणतिसाचा पाढा म्हटला. साहेबांनी दोन कडव्यांपर्यंत मान डोलावली आणि 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी'ला ती थांबली. जाताना शेरेवहीत 'गणित उत्तम' असं लिहून गेले आणि गाण्याचं नावही काढलं नाही.

सगळ्यात जास्त माया त्यांच्यावर तेलवाल्यांची. अक्कांना टक्कल आहे हे एकदा पक्कं झाल्यावर प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी त्यांना कोपऱ्यात घेऊन बाटली द्यायचं. माक्याचं तेल, जास्वंदीचं तेल, कुणाच्या जावयानं हैदराबादच्या हकिमाकडून आणलेलं हिरवं तेल. अक्का एकाही बाईला नाही म्हणाल्या नाहीत. बाटली दोन्ही हातांनी घ्यायच्या, "लई उपकार झाले" म्हणायच्या आणि शाळेच्या कपाटात खडूंच्या डब्यामागं नेऊन ठेवायच्या. कपाट उघडलं की लग्नाचा वास यायचा. मी विचारलं, "अक्का, लावत तर नाही, मग घेता कामून?" तर म्हणाल्या, "देणाऱ्याचं मन मोडू नये. अन् तेल कधी वाया जात न्हाई."

सातवीत भाग्यश्री म्हणून एक पोर होती. पाढ्यात सगळ्यांच्या पुढं, बोलण्यात सगळ्यांच्या मागं. तापातून उठली तेव्हा तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला केसांचा गुंता झाला होता. कुणी विंचरला नाही आणि दिवाळीपर्यंत त्याची दोरखंडासारखी जट झाली. घरात ती आणि तिची आजी, दोघीच. आजीनं जटेला हळद-कुंकू लावलं आणि जाहीर केलं की पोरीत देवी आली. सातवी झाली की शाळा बंद. मग आजीबरोबर मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. हायस्कूल संतपूरला होतं, बसनं वीस मिनिटांवर. ती वीस मिनिटं त्या पोरीला आता कधी ओलांडता येणार नव्हती.

मी विज्ञानाची बाई, त्यामुळे मी तडक पर्समध्ये कात्री टाकून त्यांच्या अंगणात गेले. घाम, मळ, तेलकटपणा यांवर मी जे भाषण केलं ते ऐकून मलाच माझा अभिमान वाटला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कात्री आणलीस व्हय? सोताचे केस कापून हिंडायलीस अन् मला शहाणपण शिकवायलीस? देवीच्या जटंला कात्री लागली तर घर बसतंय आमचं. ऊठ इथून." मी उठले. रस्त्यानं रडत शाळेत आले आणि अक्कांच्या समोर कात्री आपटली.

अक्कांनी ती कात्री उचलून टेबलाच्या खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिकडं गेल्या. त्यांची ती गुडघ्याखालची वेणी बघताच आजी उठून उभी राहिली. मग वाकली आणि अक्कांच्या पाया पडली. एवढे केस राखणारी बाई देवीचीच असणार, असा तिचा हिशेब. अक्कांनी तो हिशेब दुरुस्त केला नाही. खाली बसून म्हणाल्या, "कात्री लावायची न्हाई, बरोबर हाय तुमचं."

आजीला हुरूप आला. "सांगा की या टीचरला!"

"पण देवीची ओटी भरताना तुम्ही फणी-करंडा ठेवताव का न्हाई?"

"ठेवताव की."

"मग फणी कशाला ठेवताव? देवीला केस इंचरायला लागत्यात म्हणूनच ना? अन् पोरीत आलेली देवी तशीच बिन-इंचरलेली बसवलाव व्हय, आज्जी?"

माझ्या साऱ्या विज्ञानानं जे झालं नाही ते त्या फणीनं केलं. आजी एवढंच म्हणाली, "मी समोर बसणार. कात्री दिसली तर याद राखा."

त्यानंतर सव्वा महिना, रोज मधल्या सुट्टीत, शाळेच्या लिंबाखाली जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. भाग्यश्री पायरीवर, तिच्या मागं अक्का, समोर राखणीला आजी. अक्कांच्या हातात पोती शिवायचा दाभण, टोक दगडावर घासून बोथट केलेलं. कपाटातल्या साऱ्या बाटल्या बाहेर निघाल्या. माका संपला, जास्वंद संपली, हकिमाचं हिरवं तेलही कामाला आलं. जट तेलात भिजवायची, दाभणानं एक केस उचलायचा, ओढायचा नाही, नुसता वाट दाखवून बाहेर आणायचा. मी एकदा करून बघितलं आणि पाच मिनिटांत माझा धीर सुटला. अक्कांचा हात मात्र कधी घाईला आला नाही. "दुखलं तर रडू नको, पाढा म्हण," असं त्यांनी पोरीला सांगितलं होतं. बारापासून सुरू झालेली पोर जट संपेपर्यंत तिसाच्या पुढं गेली होती. मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाल्या, "आईजवळ. घरातल्या बायकांचं गुंतवळ ती टाकू द्यायची न्हाई. दिवळीत साठवायची अन् दुपारी आम्हाला सोडवायला बसवायची." विंचरताना निघालेल्या केसांचा गुंता म्हणजे गुंतवळ. आमच्या घरी ते सरळ कचऱ्यात जात होतं.

शेवटची गाठ सुटली त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या आणि वाजवता वाजवता थांबले. निम्मे केस आधीच तुटलेले होते, ते सुटून मांडीवर आले होते. राहिलेले खांद्यापर्यंत, विरळ, उसवलेल्या कापडासारखे. वाडीवर बोलणं सुरू झालं की देवी रागावली, जाताना केस घेऊन गेली. आजी घाबरली. पोरीनं डोक्यावर ओढणी घेतली आणि शाळेत यायचं बंद केलं. हायस्कूलच्या प्रवेशाला चार दिवस होते. मला वाटलं, संपलं. एवढं करून पोर हातची गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का बसमधून उतरल्या त्या शाळेत न जाता थेट त्या अंगणात गेल्या. मी मागं. भाग्यश्री भिंतीकडं तोंड करून बसली होती. अक्का तिच्याशेजारी बसल्या आणि स्वतःची वेणी सोडायला लागल्या. दारात पाच-सहा बायका जमल्या होत्या. आता टक्कल दिसणार म्हणून सगळ्यांनी श्वास धरला. खोटं कशाला बोलू, मीही धरला. तीन पेड उलगडले. गंगावन सुटून अक्कांच्या हातात आलं आणि त्यांचे स्वतःचे केस पाठीवर पसरले. कमरेच्या खाली, दाट, मधेमधे एखादी रुपेरी बट. तसे केस त्या अंगणातल्या एकाही बाईचे नव्हते.

"अक्का," मी कशीबशी म्हणाले, "तुम्हाला तर केस आहेत!"

"मग? न्हाईत म्हणून कोण सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हीच ठरवलं होतं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मीही ओढणी शोधायला लागले.

अक्कांनी पोरीची ओढणी काढली, ते विरळ केस काळ्या दोऱ्यानं बांधले आणि त्यांत गंगावन गुंफायला सुरुवात केली. आजीनं दबकत विचारलं, "कुणाचे केस हायत हे?"

"माझ्या आईचे. तिच्याच गुंतवळाचे. जायच्या आधी बांधून दिलंती मला."

"मेलेल्या बाईचे?"

"आईचे म्हणले की," अक्का म्हणाल्या.

आजी उठली. आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. आधी अक्कांना कुंकू लावलं, नंतर पोरीला, आणि थोडं थांबून, माझ्या कापलेल्या केसांकडं बघत, मलाही. मी अक्कांना हळूच म्हणाले, "आईची एवढीच आठवण होती ना? पेटीत जपून ठेवायची." अक्का पेड घट्ट करत म्हणाल्या, "पेटीत ठेवलं तर कसर लागती, पोरी. वापरात असलेलं बरं." चौथ्या दिवशी गुडघ्यापर्यंत वेणी सोडलेली भाग्यश्री संतपूरच्या बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरनं सवयीनं विचारलं, "वेणी आत आली का?"

त्याला आता बरीच वर्षं झाली. अक्का निवृत्त होऊन लातूरला लेकीकडं गेल्या. गेल्या साली न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणात निगा राखायला जड म्हणून लेकीनं त्यांचे केस कापून टाकले. मी भेटायला गेले तेव्हा उशीवरचं ते लहानसं डोकं बघून मला रडू आवरेना. त्या हसल्या. "कामून रडायलीस? आता तू अन् मी सारखे. कुणी विचारलं तर तिरुपतीला जाऊन आले म्हणून सांगती." निघताना मात्र त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "त्या पोरीची वेणी कशी हाय गं?" मला माहीत नव्हतं. बारावी झाल्यावर ती वाडी सोडून गेली होती.

परवा मी बिदरहून औरादच्या बसमध्ये बसले. खाकी शर्ट घातलेली कंडक्टर मुलगी पुढून बायकांना फुकट प्रवासाची शून्य रुपयांची तिकिटं देत येत होती आणि तिच्या पाठीवर गुडघ्यापर्यंत वेणी होती. माझ्या मागच्या सीटवर दोघी कुजबुजत होत्या. "गंगावन हाय बघ त्ये." "व्हय की. केसंच नसतील बिचारीला." मी भांडायलाच वळले होते, तेवढ्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "टीचर! वळखलं न्हाई व्हय?" कानामागून निघालेले तिचे स्वतःचे केस आता दाट होते, वेणी त्यांचीसुद्धा भरली असती. मी फक्त वेणीकडं बोट केलं. तर ती तिकिटाचं मशीन सावरत म्हणाली, "अक्कांचीच हाय. पेटीत ठेवलं तर कसर लागती म्हणल्यात त्या."

ती पुढच्या सीटवर गेल्यावर मी लातूरला फोन लावला. लेकीनं तो अक्कांच्या कानाला धरला. बसचा आवाज, खड्डे, मला मोठ्यानं ओरडावं लागलं. "अक्का, भाग्यश्री भेटली. कंडक्टर झालीय. वेणी वापरात आहे!" मागच्या दोघी पुढं वाकून त्या वेणीकडं बघायला लागल्या. पलीकडून आवाज आला, थकलेला, पण वर्गातला.

"दारात सापडू देऊ नको म्हणावं."