डुमस की डहाणू

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवत. अरबी समुद्रावर ते तासभर बोलू शकत, पण त्यांनीही तो नकाशातच पाहिलेला. म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस समुद्रावर जाणार हे कळल्यावर गल्लीला नवल वाटलं. मला वाटलं नाही. त्या घरात दिवाळी काढायची आमची कुणाचीच छाती नव्हती, आणि बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं.

आदल्या वर्षी माझी मोठी बहीण, अक्का, मावशीकडे यावलला गेली होती. ऋषिपंचमीला मावशीकडच्या बायकांबरोबर ती तापीवर आंघोळीला गेली आणि पाय घसरून वाहून गेली. एकोणीस वर्षांची होती. लोकांनी पाच दिवस काठ धुंडाळले, पण ती सापडली नाही. शेवटी भटजींच्या सांगण्यावरून नानांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आई तिकडे पाठ करून बसली होती. त्यानंतर वर्षभर अक्काबद्दल बोलताना तिनं एकदाही 'होती' म्हटलं नाही.

जायचं कुठं, याला दोन उत्तरं होती. शेजारचे मारवाडी शेठजी कापड आणायला सुरतेला जात, त्यांच्या ओळखीच्यांचं डुमसला एक रिकामं घर होतं. नानांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची सासुरवाडी डहाणूची, चिकूच्या वाडीतली. दोन्हीकडे जायला सुरतेपर्यंत गाडी तीच. पुढं डुमसला बस, डहाणूला दुसरी गाडी. नानांचा कल डहाणूकडे होता. डुमसची वाळू काळी असते, एवढंच मला शेठजींकडून कळलं होतं.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आईनं विचारलं, तापी शेवटी जाते कुठं? नाना वह्या तपासत होते. मान वर न करता, वर्गात सांगावं तसं ते म्हणाले, "खानदेशातून पश्चिमेला जाते आणि सुरतेजवळ, डुमसपाशी समुद्राला मिळते."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. लाल पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली राहिली. मला त्यांचा भयंकर राग आला. जन्मभर पोरांकडून घोकून घेतलेलं उत्तर एकदा तरी गिळता येऊ नये माणसाला? वाटेत तापी अडवणारं उकाईचं धरण तेव्हा अजून पुरं व्हायचं होतं. यावलजवळ पाण्यात गेलेलं थेट समुद्रापर्यंत पोचू शकतं, हे आईनं चुलीपुढं बसल्या बसल्या समजून घेतलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, आपण डुमसला जायचं.

दोन दिवसांनी ती ट्रंक भरत होती. स्वतःच्या लुगड्यांवर तिनं अक्काचं निळं पातळ ठेवलं. हे कशाला, असं मी विचारलं. आई अमळनेरकडची, मनातलं बोलायची ते अहिराणीतच.

"अक्काले लागी," ती म्हणाली. "ती ओली व्हई."

इतक्या साधेपणानं म्हणाली, की त्या क्षणापासून मलाही अक्का दिसायला लागली. काळ्या वाळूवर, केसांतून पाणी गळतंय, आणि आमच्याकडे बघतेय. मोरीत कुणी तांब्या ठेवला तरी मी दचकायची. जिच्या कुशीत मी दहा वर्षं झोपले, तिची मला भीती वाटत होती, आणि ती वाटते याची लाजही वाटत होती. हे कुणाला सांगणार?

नानांना आईला नाही म्हणता येईना. मग त्यांनी तो धोंडा माझ्या गळ्यात बांधला. जेवताना, आईच्या देखत विचारलं, "तू सांग. डुमस की डहाणू?"

मी डहाणू म्हटलं. चिकू आवडतात, अशी पुस्तीही जोडली. आईनं माझ्याकडे नीट पाहिलं. जेवणं झाल्यावर तिनं ट्रंक उघडून ते पातळ काढलं आणि परत कपाटात ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

डहाणूला आम्ही आठ दिवस राहिलो. नाना भरती-ओहोटी समजावून सांगत, आणि आई रोज सकाळी पाण्याच्या कडेला जाऊन बसे. सहाव्या दिवशी बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळिणीला तिनं विचारलं, "तापीनं पानी आठे येस का?" बाईला कळेना. तेव्हा मला तो प्रश्न माझ्या तोंडानं पुन्हा विचारावा लागला, तापीचं पाणी इथं येतं का म्हणून. ती म्हणाली, नाही गं, ती लांब वर, सुरतेकडे. आईनं मान हलवली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

परतताना सुरतेला जळगावची गाडी पाच तासांनी होती. भर दुपार होती. मी बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडले होते. नाना कुठंतरी चौकशी करून आले आणि हळूच आईला म्हणाले, "डुमसची बस समोरच उभी आहे. जाऊन येता येईल. चल."

आईचा हात माझ्या केसांत थांबला. ती आता उठणार, मला उठवणार, असं वाटलं.

"नको," ती म्हणाली. "पोरले भेव वाटस."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी डोळे उघडून 'नाही वाटत' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी श्वास संथ ठेवला आणि झोपेचं सोंग शेवटपर्यंत निभावलं. बस सुटल्याचा आवाजही ऐकला.

आई त्यानंतर सत्तावीस वर्षं जगली. तापीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आणि मीही तिला चल म्हटलं नाही. लग्नकार्याच्या निमित्तानं मी सुरतेला कितीदा तरी गेले. डुमस तिथून तासाभरावर. तिथं अक्का उभी असेल, ही भीती केव्हाच गेली. आता आई उभी असेल, असं वाटतं.

मी अजून गेलेले नाही.