चित्रातल्या बाईचं कुंकू

शेजारच्या जपानी आजींनी वाचवलं, नाहीतर परदेशातली, मरीन परेड भागातली ती नोकरी गेलीच होती. सातवीत शाळा सुटलेली मी तेव्हा ताईंकडे स्वयंपाकाला होते. संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं, आजीही आलेल्या. लाकडी ठशांनी छापलेलं ताईंचं जुनं जपानी चित्र फ्रेमिंगला जायचं म्हणून टेबलावर उघडंच होतं. केस विंचरणारी, छान नटलेली बाई, आणि कपाळ मोकळं! राहवेना, तिलाही कुंकू लावलं. "अगं, काय केलंस हे!" ताई ओरडल्या. मी ओलं फडकं घेऊन धावले, तर आजींनी हातच धरला, "नो वॉटर!" पर्समधला पावडरचा ब्रश काढून त्यांनी कुंकू कोरडंच अलगद झटकलं. डाग उरला नाही. "मेकअप फिनिश," आजी म्हणाल्या, तशा ताईही हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. स्वतःचं घर झालं की संक्रांतीचं पहिलं वाण आजींनाच देणार आहे.