तीन दिवसांत जाणारे पिंपल्स

राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. औषधं एक्स्पायर होतात, किस्से होत नाहीत. ते साठतच जातात. त्यातही सगळ्यात जास्त पिंपल्सचे. कारण चेहरा एकाचा असतो आणि मतं अख्ख्या भावकीची.

शेजारच्या हॉस्टेलवर स्नेहल आणि रेश्मा अशा दोन मैत्रिणी होत्या. स्नेहलनं मनानंच नुसतं अँटिबायोटिक जेल सुरू केलं होतं. रेश्माला स्किनच्या डॉक्टरांनी तेच अँटिबायोटिक, पण बेन्झॉइल पेरॉक्साइड मिसळलेलं दिलं. दर आठवड्याला दोघी माझ्या काउंटरवरच्या आरशात गालाला गाल लावून तुलना करायच्या.

पहिला महिना स्नेहल पुढं. मग तिचे पिंपल्स परत आले आणि ती आणखी स्ट्राँग अँटिबायोटिक मागायला लागली. मी दिलं नाही. नुसतं अँटिबायोटिक लावत राहिलं की जंतूंना त्याची सवय होते, म्हणून जोडीला पेरॉक्साइड लागतं, असं सांगून तिलाही डॉक्टरांकडं पाठवलं.

रेश्माचे पिंपल्स गेले, ती जिंकली म्हणून मी पेढे मागणार, तर ती उशीचा अभ्रा घेऊन आली. पेरॉक्साइडनं त्यावर पांढरे डाग पडले होते. म्हणाली, "मॅडम, अभ्रा गोरा झाला. मी हाय तशीच."

एकदा एक गृहस्थ पोरीसाठी तीन दिवसांत फरक पाडणारं क्रीम मागायला आले. त्यात स्टेरॉइड असतं, सोडलं की चेहरा दुप्पट फुलतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज चढला. पलीकडच्या गल्लीत विनाचिठ्ठी मिळतं, म्हणाले. मग तिकडंच जा की, म्हटलं.

"तिथनंच आणलं हुतं. त्यानंच तर ह्ये झालंय!"

आणि वैशाली. मूळची गडहिंग्लजची, इथल्या एका क्लासमध्ये गणित शिकवते. डॉक्टरांनी दिलेलं जेल नेमानं लावत होती, हळूहळू फरकही पडत होता. पण स्थळं यायला लागली आणि तिच्या आत्यांना दम निघेना. तिला घेऊन त्या शाहूपुरीत फोटो काढायला गेल्या. पुढचं सगळं आत्यांनीच माझ्या काउंटरवर येऊन रागारागानं सांगितलं.

फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर गाल असे घासून काढले की एक पिंपल शिल्लक ठेवला नाही. आत्या खूश. वैशालीनं फोटो बराच वेळ न्याहाळला आणि आत्यांच्या हातात परत दिला.

"हिला मी वळखत न्हाय, आत्या. लगीन हिचंच ठरवा. मला क्लास हाय."