जहाजाच्या जनरेटरला मी लावलेली तांब्याची पट्टी

नौदलाच्या जहाजांसाठी जनरेटर बनवणाऱ्या कारखान्यात मी सात वर्षं काढली आणि तेवढ्या काळात समुद्र एकदाच पाहिला. कारखाना सिल्वासाजवळ, गलोंड्याच्या रस्त्यावर. समुद्र पाहायचा तर दमणला जावं लागे, आणि दमणला गेलेला माणूस समुद्र पाहायला गेला होता यावर आमच्या खोलीत कुणाचा विश्वास बसत नसे. त्यामुळे मी गेलोच नाही फारसा.

मी धुळ्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. इथे येण्याआधी गावच्या पिठाच्या गिरणीत होतो. त्या गिरणीच्या मोटारीला अर्थिंग नव्हतं. पावसाळ्यात तिला हात लागला की देव न मानणारा माणूसही देवाचं नाव घेई. तिथून मला रोगच जडला. कुठलंही मशीन दिसलं की आधी त्याचं अर्थिंग शोधायचं. लग्नाला गेलो तरी नवरीच्या आधी लाऊडस्पीकरवाल्याचा जनरेटर पाहून यायचो.

या कारखान्यात मला चिकटवलं ते आमच्या काकांनी. काका म्हणजे नात्याचे कुणी नव्हेत. जळगावकडचे, पन्नाशीचे, जनरेटरच्या पोटात तांब्याची तार भरणारे वाइंडर. फोरमन नाशिकचे. त्यांनी विचारलं, शिक्षण किती? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "नववी. आमच्याकडे नववीवाला सरपंच होतो, साहेब." हे उपकार मी विसरणं शक्य नव्हतं. काकाही ते विसरू देत नसत.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. जहाजासाठी बनवलेला एक मोठा जनरेटर तयार झाला होता. कारखान्याची आतली चाचणी पार पडली होती. दुसऱ्या दिवशी नौदलाचे तपासनीस येणार होते. वायरी जिथे बाहेर येतात त्या डब्याचं झाकण लावायचं काम माझं. झाकण लावताना पाहिलं, तर आत एक भोक रिकामं. कारखान्यांसाठी, दवाखान्यांसाठी आम्ही जे जनरेटर बनवायचो त्यांत त्याच भोकात तांब्याची पट्टी बसायची. वाइंडिंगच्या तारांची टोकं जिथे एकत्र बांधतात ते न्यूट्रल आणि मशीनची बॉडी जोडणारी. डबा तोच, भोक तेच, पट्टी गायब. कुणीतरी विसरलं, असं मी धरून चाललो. जहाजावरची पोरं ओल्या हातांनी मशीनला चिकटतील या काळजीने माझा जीव कासावीस झाला. स्टोअरमधून पट्टी आणली, दोन नट आवळले, झाकण लावलं. देशसेवा केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. पांढरे बूट, रत्नागिरीकडची मराठी. त्यांनी मेगर मागवला. वाइंडिंगमधून बॉडीत वीज गळते का ते दाखवणारी ही हातपेटी. हँडल फिरवायचं, काटा वर गेला की वाइंडिंग चांगलं. तपासनिसांनी झाकण थोडं सरकवून एक वायर वाइंडिंगला लावली, दुसरी बॉडीला आणि हँडल फिरवलं. काटा शून्यावर. पुन्हा फिरवलं. शून्यच.

"वाइंडिंग गेलंय," ते म्हणाले.

फोरमन काकांकडे वळले. "काय भरलंत हो आत? तार की सुतळी?"

"मी सोता भरेल वाइंडिंग आहे, साहेब. काल चांगलं होतं."

"काल तुम्हीही चांगले होतात. सगळं बाहेर काढा. नवीन वाइंडर भरेल. तुम्ही जळगावला जा आता, आराम करा."

काका आपल्या बोटांकडे पाहत राहिले. पंधरा दिवस ती बोटं त्या तारांत होती. गप्प बसलो तर काका जाणार, बोललो तर मी. गिरणीवाल्याने माझ्या जागी कधीच दुसरा ठेवला होता, म्हणजे परत जायलाही जागा नव्हती.

"साहेब, आत पट्टी आहे," मी म्हणालो. "मी लावली."

"कुणाच्या सांगण्यावरून?" तपासनिसांनी विचारलं.

"कुणाच्या नाही. भोक रिकामं होतं."

"ड्रॉइंग पाहिलंस?"

"ड्रॉइंग कळत नाही, साहेब. भोक कळतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तपासनिसांनी हसू दाबलं आणि पाना माझ्या हातात दिला. "काढ."

मी पट्टी काढली. त्यांनी हँडल फिरवलं. काटा उठला आणि वर जाऊन स्थिर राहिला. काकांनी वाकून काटा स्वतः पाहिला.

"नीट ऐक," तपासनीस म्हणाले. "जमिनीवर एक वायर बॉडीला लागली की फ्यूज उडतो, ते बरंच. लढाईत जहाजावर तसा उडाला, तर सुकाणूची मोटार बंद, पंप बंद, आणि सगळे पाण्यात. म्हणून आम्ही वाइंडिंग जहाजाच्या लोखंडापासून तोडून ठेवतो. एक वायर लागली तरी वीज चालू राहते, बोर्डावरचा एक दिवा फक्त मंद होतो. मग पोरं ती वायर शोधून काढतात."

"आणि तोवर मशीनला हात लागला तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

फोरमननी कपाळाला हात लावला.

"बॉडी जहाजाच्या लोखंडाला जोडलेलीच असते. ती पट्टी वेगळी. ती कधी काढलीस, तर मी तुला काढीन." मग फोरमनना म्हणाले, "याला ठेवा. निदान घाबरतो तरी."

फोरमननी ठेवलं, पण हातातला पाना काढून घेतला. झाकणं लावायचं काम महिनाभर दुसऱ्याकडे गेलं. ते मला योग्यच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत काका माझ्यासमोर येऊन बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा डबा स्वतःकडे ओढला. वांग्याची भाजी, दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा. सगळं सावकाश खाल्लं. बोट फिरवून डबा पुसला, झाकण लावलं आणि माझ्यापुढे सरकवला.

"भाजीत मीठ कमी होतं, भो," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.