सावलीत वाळायचं बियाणं

बायकोनं सकाळी गुळाच्या पाण्यात जिवाणूखत कालवून सोयाबीनच्या बियाण्याला हलक्या हातानं चोळलं आणि ओसरीत गोणपाटावर पसरलं. "सावलीतच वाळू द्या. उन्हात जिवाणू मरतात," सांगून ती आत गेली. मला पेरणीची घाई. मी गोणपाट अंगणात ओढला.

आता दाणे कोरडे आहेत, पूर्वीसारखेच पिवळे. काय मेलं ते दिसत नाही. मुलगी सासरहून आली की अडखळत काही सांगू लागते आणि मी म्हणतो, "मुद्द्याचं बोल." तिचाही चेहरा नंतर असाच असतो, नेहमीसारखा.

बायकोनं बाहेर येऊन मूठभर दाणे उचलले. "एवढ्यात वाळलं?"

"उन्हात ओढलं मी. पुन्हा चोळावं लागेल."

"पाकीट आहे अजून एक," ती म्हणाली. "गूळ तुम्ही फोडा. आणि वाळेपर्यंत ओसरीतच बसा."