सुटलेल्या जुड्या

आमच्या घरात सून सासऱ्याशी तोंड उघडून बोलत नसे. महाराष्ट्र नवाच झाला होता, पण मेहकरकडच्या आमच्या मळ्यात रीत जुनीच होती. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, काही सांगायचं तर मी सासूबाईंकडे बघून सांगायची आणि मामाजी विहिरीकडे बघून उत्तर द्यायचे. तसंही आमचं बरं चाललं होतं. मग काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले.

सगळं घर सेवेला लागलं. उन्हात जाऊ नका, विळ्याला हात लावू नका, खाटेवर बसा, चहा घ्या. म्हाताऱ्या माणसाला बसवून खाऊ घालणं ही आमच्याकडे मोठी इज्जत. माझे यजमान चारचौघांत छाती काढून सांगत, "बाबाले मी काडी उचलू देत नाही." आणि बाबांनी काय केलं? जेवण सोडलं. "बसल्या जागी घास उतरत नाही," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. पुढे पुढे नुसत्या पाण्यावर आले. अंगावरची बंडी खांद्यावरून घसरायला लागली. माझे वडील असेच खाटेवर बसल्या बसल्या संपले होते. ते पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती, रीत गेली खड्ड्यात!

बाजाराच्या आदल्या दुपारी मी मेथीचा ढीग त्यांच्या खाटेपाशी नेऊन टाकला. जुड्या बांधायला अंबाडीचा भिजवलेला वाख त्यांच्या हातात दिला आणि सरळ म्हणाले, "मामाजी, उद्या बाजार आहे. जुड्या बांधून द्या."

सासूबाई चुलीपुढून उठूनच आल्या. "अवं माय! सासऱ्यासंग बोलते? अन् आंधया माणसाले कामाले लावते? लोकं तोंडात शेण घालतीन न वं!"

"घालू द्या. लोकं येतात का मामाजीले जेवू घालाले?"

 मामाजींचा हात ढिगाकडे गेला. संध्याकाळपर्यंत चाचपडत, पुटपुटत त्यांनी टोपली भरली. घरातले सगळे "वा बाबा, झकास!" म्हणत होते. त्यांचा चेहरा मात्र तसाच होता आणि ताटही तसंच परत आलं. मला रडूच आलं. एवढा तमाशा करून मिळवलं काय?

दुसऱ्या दिवशी यजमान बाजारातून परतले ते तणतणतच. एसटीच्या टपावर निम्म्या जुड्या सुटल्या होत्या, सगळी मेथी एकात एक गुंतली होती, शेवटी ढिगानं विकावी लागली. पण फाटकाशी आले आणि आवाज एकदम खाली आला. "बाबाले सांगू नका. छान गेल्या म्हणा."

मला असा संताप आला! "काऊन नाही सांगायचं? त्याहिचे डोये गेले, अक्कल नाही गेली!"

कोणी अडवायच्या आत मी खाटेपाशी गेले.  "मामाजी, तुमच्या जुड्या सुटल्या. टपावरच."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मामाजी ताठ झाले. "माह्या जुड्या सुटल्या?"

"हाव."

"अन् हे सारे झकास म्हणून राह्यले होते?"

 मामाजी कडाडले, "लहान लेकरू समजता का मले?" घोंगडी खाली फेकली. कितीतरी महिन्यांनी त्या माणसाचा आवाज मळ्याच्या बांधापर्यंत गेला असेल. यजमान माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. मला मात्र आतून बरं वाटत होतं. रागावलेला माणूस आपल्यातच असतो.

"सूनबाई, मेथी आण."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला थेट हाक मारली. घरच्या भाजीसाठी ठेवलेली मेथी मी पुढ्यात ओतली. पहिली जुडी हातातच विस्कटली. त्यांनी शिवी हासडली आणि पुन्हा बांधली. तीही ढिली पडली. यजमान मदतीला वाकले, तर मी त्यांचा सदरा धरून मागे ओढलं. मामाजींनी सगळा वाख सोडला, पेंडी मांडीवर आपटून देठं सारखी केली, दातात टोक धरून करकचून गाठ मारली. मग जुडी माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढे केली.

"ओढून पाह्य."

मी ओढली. खोटं नाही, अंगातला सगळा जोर लावून ओढली.

"सुटली?"

"नाही सुटत, मामाजी."

त्यांनी ओले हात धोतराला पुसले.

"मंग भाकर वाढ."